दोन संघ, बाई एकच

महिलांच्या हॉकी इंडिया लीगचा पहिलावहिला अंतिम सामना 26 जानेवारी 2025 रोजी रांचीत झाला. ओडिशा वॉरियर्सने जेएसडब्ल्यू सूरमा हॉकी क्लबला 2-1 असे हरवले. ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजा पिसाळने केले. त्यातला दुसरा अगदी शेवटच्या मिनिटांत आला. ऋतुजा आपल्या सातारा जिल्ह्यातली, त्यामुळे आपल्याकडे तिचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्या दिवशी मैदानाच्या कडेला जी दोन माणसे आपापल्या संघाजवळ उभी होती, त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. खरी गोष्ट तिथेच आहे.

ओडिशाच्या प्रशिक्षक होत्या यानेके शॉपमन, नेदरलँड्सच्या. सूरमाचे प्रशिक्षक होते ज्यूड मेनेझेस, आपल्या मुंबईचे. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ते भारताचे गोलकीपर होते. साधारण एक वर्ष आधी, 19 जानेवारी 2024 ला, याच रांचीत हे दोघे असेच समोरासमोर आले होते. तेव्हा शॉपमन भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या आणि मुंबईचे मेनेझेस जपानच्या महिला संघाचे. पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेतला तो तिसऱ्या स्थानाचा सामना होता. जो जिंकेल तो पॅरिसला जाणार आणि जो हरेल तो घरी बसणार. जपानने 1-0 ने बाजी मारली. टोकियोत चौथ्या आलेल्या आपल्या मुली पॅरिसला गेल्या नाहीत. एका मुंबईकराने भारताला ऑलिम्पिकबाहेर काढले असे म्हणायला जीभ वळत नाही, पण कामाचा हिशोब तसाच आहे. ज्याच्याकडून वेतन घेतो त्याच्यासाठी जीव तोडून काम करायचे, एवढेच त्यांनी केले.

शॉपमनबाईंची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. खेळाडू म्हणून त्या नेदरलँड्सकडून 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि 2008 च्या बीजिंगमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या. पुढे त्या अमेरिकेच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये भुवनेश्वरला टोकियोच्या तिकिटासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात दोन सामने झाले, तेव्हा त्या अमेरिकेच्या बाजूला होत्या. पहिला सामना आपण 5-1 ने जिंकला, दुसऱ्यात 1-4 ने मार खाल्ला, आणि एकूण 6-5 अशा एका गोलाच्या फरकाने आपण टोकियोला पोचलो. त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी 2020 मध्ये, याच बाई भारतीय संघात दाखल झाल्या. खेळाचे विश्लेषण करणाऱ्या प्रशिक्षक म्हणून. टोकियोनंतर सोर्ड मरीन्ये गेले आणि 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले.

त्यांच्या काळात 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, त्याच वर्षी नेशन्स कपचे विजेतेपद, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्य आणि रांचीत आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी एवढी कमाई झाली. 2022 च्या विश्वचषकात मात्र नववे स्थान मिळाले. मग आली ती रांचीची पात्रता स्पर्धा. पहिल्याच सामन्यात अमेरिकेने, म्हणजे त्यांच्या जुन्या संघाने, भारताला 1-0 ने हरवले. उपांत्य फेरीत जर्मनीने शूटआऊटमध्ये हरवले. आणि शेवटी जपान. फेब्रुवारी 2024 मध्ये बाईंनी राजीनामा दिला. जाण्याआधी एका मुलाखतीत त्यांनी उघड सांगितले, की एक स्त्री म्हणून इथे काम करणे अवघड गेले आणि आपल्या कामाची कदर होत नाही असे वाटले. हॉकी इंडियाने हे आरोप फेटाळले. कोण किती खरे हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण वरिष्ठांपुढे बाईमाणसाचे म्हणणे कसे ऐकले जाते, हे नोकरी करणाऱ्या आपल्या बहिणींना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एवढे झाल्यावर कुणीही म्हणेल, की हा अध्याय संपला. पण पॅरिस ऑलिम्पिकनंतर शॉपमनबाई जर्मनीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या, आणि ते पद हाती असतानाच जानेवारी 2025 मध्ये ओडिशा वॉरियर्सचे काम घेऊन पुन्हा त्याच रांचीच्या मैदानावर आल्या. म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची धुरा वाहणारी बाई भारतातल्या एका खासगी संघाला, त्यातही बहुतांश भारतीय मुलींना, जिंकायचे कसे ते शिकवत होती.

आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मग त्या बाई कुणाच्या बाजूच्या?" प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढे साधे नाही.

आधी वेळेचे पाहू, कारण दोन ठिकाणी काम करणाऱ्यावर पहिला आक्षेप वेळेचाच असतो. जर्मनीत कडाक्याच्या थंडीत मैदानी हॉकी बंद असते. तिथले क्लब त्या काळात छपराखालची, म्हणजे इनडोअर हॉकी खेळतात. राष्ट्रीय मैदानी संघाच्या प्रशिक्षकाला त्या दिवसांत थोडी उसंत असते. आपल्याकडे नेमका जानेवारी हा हॉकीचा बहर. महिलांची लीग 12 ते 26 जानेवारी अशी जेमतेम पंधरा दिवस चालली. चारच संघ आणि सगळे सामने रांचीतच. त्यामुळे एका कामासाठी दुसरे काम बुडाले असे झाले नाही. वर्षातले पन्नास आठवडे एकीकडे आणि दोन आठवडे दुसरीकडे, असा तो मामला.

दुसरा आक्षेप गुपितांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. हॉकीत प्रशिक्षकाला काय काय माहीत असते ते पाहा. कोणती बचावपटू दडपणाखाली नेहमी एकाच बाजूला वळते, पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलपोस्टकडून कोण आधी धावत सुटते आणि तिचा वेग किती, कुणाचा गुडघा जुना दुखावलेला आहे, शूटआऊटमध्ये कोण घाबरते. हे कागदावर नसते, डोक्यात असते. आणि डोके काही विमानतळावर जमा करून येता येत नाही. लीगच्या त्या हंगामात संघात 24 खेळाडू होते, त्यांत निदान 16 भारतीय आणि त्यातही चार ज्युनियर मुली घ्याव्याच लागत होत्या. म्हणजे जर्मनीच्या प्रशिक्षकाला आपल्या पुढच्या पिढीच्या खेळाचा अंदाज घ्यायची आयती संधी मिळाली, हे खोटे नाही.

पण व्यवहार एकतर्फी नव्हता. त्या चार ज्युनियर मुलींना, ज्यांनी एरवी युरोपातला प्रशिक्षक मोबाइलच्या पडद्यावरच पाहिला असता, रोज सकाळी त्याच बाईंच्या हाताखाली सराव मिळाला. नेदरलँड्सची यिबी यान्सन, जिला ओडिशाने लिलावात 29 लाखांना घेतले, तिचा पेनल्टी कॉर्नर रोज जवळून बघायला मिळाला. अशा फटक्यांपुढे सरावात उभे राहिलेल्या मुलीचे विश्वचषकात त्याच फटक्यापुढे पाय लटपटणार नाहीत. गुपित बाहेर गेले असेल, तर गुपित आतही आले.

आणि परीक्षा लगेच झाली. त्याच फेब्रुवारीत प्रो लीगसाठी जर्मनीचा महिला संघ भुवनेश्वरला आला, म्हणजे ओडिशातच. ज्यांनी महिन्याभरापूर्वी ओडिशाच्या नावाचा करंडक उचलला, त्या शॉपमनबाई आता जर्मनीच्या बाकावर आणि समोर भारत. पहिला सामना जर्मनीने 4-0 असा सहज जिंकला. दुसऱ्याच दिवशी, 22 फेब्रुवारीला, भारताने 1-0 ने उट्टे काढले. दीपिकाने पेनल्टी कॉर्नरवर केलेला तो एकच गोल. बाईंना आपल्या मुली तळहातासारख्या माहीत होत्या हे पहिल्या दिवशी वाटले असेल, तर दुसऱ्या दिवशी मुलींनाही बाई माहीत आहेत हे दिसले.

आपल्या मुंबईने असा प्रकार बारा वर्षांपूर्वीच पाहिला होता. 2013 मध्ये पुरुषांची हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई मॅजिशियन्स नावाचा संघ होता. चर्चगेटजवळचे महिंद्रा स्टेडियम त्याचे घर, संदीप सिंग त्याचा कप्तान आणि रिक चार्ल्सवर्थ त्याचे प्रशिक्षक. चार्ल्सवर्थ त्याच वेळी ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचेही प्रशिक्षक होते. हा माणूस मुळात डॉक्टर. ऑस्ट्रेलियाकडून ऑलिम्पिक खेळलेला, दहा वर्षे तिथल्या संसदेत खासदार राहिलेला आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळलेला. एका वेळी एकच टोपी घालायची ही कल्पनाच त्यांना मान्य नसावी! त्यांच्या तालमीत ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी 1996 आणि 2000 ची ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली होती.

भारताशी त्यांचा संबंध जुना आणि थोडा कडवटही. मार्च 2008 मध्ये मुंबईचे जोकीम कार्व्हालो प्रशिक्षक असताना चिलीत भारत ग्रेट ब्रिटनकडून हरला आणि 1928 नंतर पहिल्यांदाच आपला संघ ऑलिम्पिकला जाऊ शकला नाही. त्या काळात चार्ल्सवर्थ भारतीय हॉकीचे तांत्रिक सल्लागार होते. काम करू दिले जात नाही म्हणून तेही काही महिन्यांतच निघून गेले. परत आले ते मुंबईच्या खासगी संघाचे प्रशिक्षक म्हणून. तो हंगाम मुंबईसाठी वाईट गेला. सीमेवरच्या तणावामुळे लीगमधल्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना एकही सामना न खेळता परत पाठवावे लागले. त्यांतले काही मुंबईच्या संघात होते. ठरवून बांधलेला संघ सुरुवातीलाच मोडला. पाच संघांत मुंबई शेवटची आली. आणि पुढच्या वर्षी हेग इथल्या विश्वचषकात याच चार्ल्सवर्थ यांच्या ऑस्ट्रेलियाने भारताला 4-0 ने हरवून अखेर चषकही जिंकला. म्हणून कुणी असे म्हणाले नाही, की मुंबईत शिकलेली गुपिते वापरून ते जिंकले. ऑस्ट्रेलियाला त्या काळात भारताला हरवायला गुपितांची गरजच नव्हती. कटू आहे, पण खरे आहे.

म्हणून परदेशी प्रशिक्षकाच्या दोन खुर्च्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. शॉपमनबाई किंवा चार्ल्सवर्थ यांच्या हातात भारताच्या संघाची निवड नव्हती. ते आपल्या मुलामुलींना शिकवू शकत होते, पण कुणाला भारताचा शर्ट देऊ किंवा नाकारू शकत नव्हते. घोळ सुरू होतो तो निवडीचा अधिकार आणि खासगी संघाचे वेतन एकाच हातात आले की.

याचे उदाहरणही आपल्याच हॉकीत आहे. नेदरलँड्सचे रोलंट ओल्टमन्स 2013 पासून हॉकी इंडियाचे उच्च कामगिरी संचालक होते, आणि लीगच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत उत्तर प्रदेश विझार्ड्सचे प्रशिक्षकही. जुलै 2015 मध्ये पॉल व्हॅन अ‍ॅस गेल्यावर भारताचे मुख्य प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आले, ते सप्टेंबर 2017 पर्यंत. ओल्टमन्स यांनी काही गैर केले असे मी म्हणत नाही. ते सचोटीचे आणि अभ्यासू म्हणूनच ओळखले जातात. पण विचार करा, उत्तर प्रदेशाच्या संघातला एक मुलगा आणि पंजाबच्या संघातला दुसरा मुलगा भारतीय संघातल्या एकाच जागेसाठी झगडत आहेत, आणि निवडीच्या बैठकीत ज्याच्या शब्दाला वजन आहे तो पहिल्याला रोज शिकवतो. निर्णय शंभर टक्के न्यायाचा झाला तरी पंजाबच्या मुलाच्या मनातली शंका कुणी काढायची? त्या मुलाने हात आखडता घेऊन खेळावे की जास्त जोर लावावा, हेही त्याला कळत नाही.

आम्हा शिक्षकांना हे कुणी शिकवायला नको. शिक्षणहक्क कायद्याच्या 28 व्या कलमात शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. ती का, हे वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. संध्याकाळी सरांच्या घरी फी भरून जाणारा आणि न जाणारा, दोघांच्या पेपरवर सकाळी तेच सर लाल पेन चालवतात. सर कितीही दियानतदार असोत, न जाणाऱ्याचा बाप मनातल्या मनात गुण मोजत राहतो. भरवसा एकदा गेला की गुणपत्रिका खरी असूनही खोटी वाटते.

यावर उपाय नाही असे नाही. बर्फावरच्या हॉकीत पाहा. अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगचे प्रशिक्षक राष्ट्रीय संघाचे काम नेहमीच करतात. टँपा बे लायटनिंग या क्लबचे जॉन कूपर फेब्रुवारी 2025 मध्ये चार देशांच्या स्पर्धेत कॅनडाचे प्रशिक्षक होते. हे गृहस्थ मूळचे वकील, शाळेच्या मुलांना हॉकी शिकवता शिकवता इथपर्यंत आलेले. कॅनडाच्या त्या संघात त्यांच्याच क्लबचे तीन खेळाडू होते. पण संघ बांधण्याची जबाबदारी वेगळ्या व्यवस्थापकाची होती आणि तो दुसऱ्या क्लबचा माणूस होता. प्रशिक्षकाचे मत विचारले जाते, पण सही दुसऱ्याची असते. बॉस्टनमधल्या अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला 3-2 ने हरवले. खुर्च्या दोन असल्या तरी किल्ल्या एका हातात नव्हत्या.

आता हे सगळे आपल्या घरातल्या मुलींपर्यंत कसे पोचते ते सांगायला हवे, नाहीतर हा नुसता मोठ्यांचा पट ठरेल. महिलांच्या लीगच्या पहिल्या लिलावात खेळाडूंची मूळ बोली दोन, पाच आणि दहा लाख अशी होती. सर्वांत मोठी बोली उदिताला लागली, 32 लाखांची. क्रिकेटच्या मानाने ही चिल्लर आहे, हे मान्य. पण ज्या घरातून या मुली येतात तिथे दोन लाख ही पंधरा दिवसांची कमाई म्हणजे वर्षभराचा संसार. लखनौची मुमताज खान आठवते का? आई भाजीची गाडी लावते, मुलगी 2022 च्या ज्युनियर विश्वचषकात आठ गोल करते, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ तिला जगातली सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरवतो. पूर्वी अशा मुलीपुढे रेल्वेची नोकरी हाच एक रस्ता होता. आता दुसराही आहे, आणि त्या रस्त्यावर शॉपमनबाईंसारखी माणसे शिकवायला उभी आहेत. दोन संघांचे काम करायला त्यांना मनाई केली असती, तर त्या रांचीला आल्याच नसत्या. जर्मनीची नोकरी सोडून पंधरा दिवसांच्या लीगसाठी कोण येईल?

आपल्यापैकी ज्यांची मुले-मुली तालुक्याच्या, जिल्ह्याच्या मैदानावर हॉकी किंवा दुसरा कुठलाही खेळ खेळतात, त्यांनी प्रशिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारावा. तुम्ही आणखी कुठे शिकवता, हा तो प्रश्न नव्हे. चांगला माणूस चार ठिकाणी शिकवणारच, त्याचेही घर आहे. विचारायचे ते हे, की निवड चाचणीच्या दिवशी यादीवर सही कुणाची असते. खासगी अकादमी चालवणारेच जिल्हा संघ निवडत असतील, तर नम्रपणे पण लेखी विचारा, की त्या दिवशी बाहेरचा निवडकर्ता असेल का. बहुतेक ठिकाणी हे कुणी विचारतच नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

ऋतुजा पिसाळ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशिया चषकात भारतीय संघात होती. भारत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि चीनकडून हरला. महिन्याभरापूर्वी, ऑगस्टमध्ये, युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत शॉपमनबाईंचा जर्मन संघही अंतिम फेरीत हरला होता, तोही नेदरलँड्सकडून. म्हणजे बाईंच्या स्वतःच्या देशाकडून.